हातचं राखून

सामान हलवणाऱ्या कंपनीत ट्रक चालवणारे वेगळे, ओझी उचलणारे वेगळे आणि आधी घरी जाऊन 'सामान किती आहे' ते बघून येणारा माणूस वेगळा. हा तिसरा माणूस म्हणजे मापाडी. त्यांचं खरं नाव कंपनीच्या कागदांवर कुठेतरी असेल. हमालांपासून मालकापर्यंत सगळे त्यांना मापाडीच म्हणत, आणि रागावली की बायकोही तेच म्हणे.

मापाडींची काम करायची एक रीत होती. हात पाठीमागे बांधून घरभर फिरायचं, कपाटं उघडून बघायची, पलंगावर बोटांनी ठकठक करायची, जिन्याची वळणं मोजायची आणि मग मनात आकडा धरायचा. मनात एक ट्रक आला की तोंडाने दीड सांगायचा. कारण लोक माळ्यावरचं सांगत नाहीत, पलंगाखालचं सांगत नाहीत, आणि 'छे छे, हे काही न्यायचं नाही हं' असं ज्याच्याबद्दल छातीवर हात ठेवून सांगतात, तेच निघायच्या दिवशी सगळ्यात आधी ट्रकपाशी आणून ठेवतात. मापाडींच्या आकड्यामुळे आजवर कुणाचं साधं केरसुणीएवढं सामानही मागे राहिलं नव्हतं. "माणसाने हातचं राखून बोलावं," असं ते नव्या पोरांना शिकवत. ट्रकच्या बाबतीत थोडं जास्त सांगायचं आणि सुखाच्या बाबतीत थोडं कमी, म्हणजे शेवटी कुणाचंही तोंड वाकडं होत नाही.

आता हे तत्त्वज्ञान ऑफिसातच राहिलं असतं तर ठीक होतं. पण घरातही उडदामाजी काळे-गोरे निवडायला नको, सगळे एकाच माळेचे मणी. मापाडींची बायको एका मोठ्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. शंभर माणसं जेवणार असं कळलं की ती सव्वाशेंचं रांधी, आणि भाजी शिजून तयार असली तरी 'अजून वेळ आहे' असं सांगे. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, बस चालवायचा. तो वरच्या मजल्यावर एकटा राही आणि जेवायला खाली येई. 'यायला उशीर होईल गं ताई' असं सांगून लवकर यायचं आणि शाबासकी मिळवायची, हा त्याचा आवडता खेळ.

या घराचा खरा मासला बघायचा तर स्वयंपाकघरातलं घड्याळ बघावं. पूर्वी कधीतरी मापाडींनी ते थोडं पुढे करून ठेवलं, कामावर जायला उशीर नको म्हणून. ते कुणालाही न सांगता बायकोने आणखी थोडं पुढे केलं. मामाने बॅटरी बदलताना आपल्या हिशेबाने आणखी काटा सरकवला. आता ते घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. जो तो आपल्या मनाने त्यातून काहीतरी वजा करी आणि कामावर वेळेवर पोचे. पाहुणे मात्र ते बघून चहा अर्धा टाकून पळत.

अशा घरात भिंगरी जन्माला आली आणि वाढली. एका जागी बसणं ठाऊक नाही म्हणून भिंगरी. आता अठरा वर्षांची झाली, तरी नाव तेच. मापाडींच्या कंपनीत लोक मोडकं फर्निचर टाकून जात. टाकवत नाही म्हणून मापाडी त्यातल्या फळ्या घरी आणत, आणणं झालं की विसरत, आणि भिंगरी त्या फळ्या घेऊन मागच्या गॅलरीत काहीतरी ठोकत बसे. तिला फर्निचर करायला शिकायचं होतं. नुसतं ठोकायला नव्हे, रीतसर. गावात त्याचं एक कॉलेज होतं, नामांकित. लाकडाच्या जाती, जोड, आराखडे, सगळं शिकवणारं. त्या कॉलेजच्या फाटकासमोरून बस गेली की भिंगरी खिडकीतून मान मोडेपर्यंत बघायची, हे मामाने आरशात कितीतरी वेळा पाहिलं होतं.

अडचण होती ती प्रवेश परीक्षेची. भिंगरीचे हात जेवढे चपळ, तेवढा तिचा पेपर संथ. प्रश्न नीट वाचता वाचता घंटा झाली. निकाल लागला तेव्हा सगळ्या मुलांची सरासरी एकशे दहा होती आणि भिंगरीचे मार्क होते ब्याण्णव.

"सरासरीच्या खाली," ती म्हणाली आणि कागद उलटा ठेवला. दोन दिवस गॅलरीतून ठोकल्याचा आवाज आला नाही. शेजारच्या काकूंनी, ज्या एरवी त्या आवाजाला नावं ठेवत, त्यांनीसुद्धा 'पोरगी आजारी आहे का?' म्हणून विचारलं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना ती मापाडींना म्हणाली, "बाबा, तुम्ही अख्ख्या जगाचे अंदाज सांगता. माझाही काढून आणा."

"कसला?"

"ब्याण्णव मार्कांना त्या कॉलेजात जागा मिळेल का, त्याचा. तुम्ही जो आकडा सांगाल तो मला मान्य. होण्यासारखं असेल तर अर्ज भरते. नसेल तर मामाच्या ओळखीने बसच्या तिकीट ऑफिसात नोकरी बघते. उगीच आशेवर झुलत बसायचं नाही मला."

"तूही चल की."

"मला नाही ऐकवणार तिथे बसून. तुम्हीच विचारून या."

मापाडी गेले. प्रवेशाबद्दल सल्ला देणाऱ्या एका बाईंचं बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यावर छोटंसं ऑफिस होतं. टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक आणि भिंतीवर हसऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो. मापाडींनी सवयीने आधी खोलीभर नजर फिरवली. अर्धा टेम्पो, त्यांच्या मनात आलं.

सल्लागार बाईंनी मार्क विचारले, संगणकात घातले आणि जरा वेळ पडद्याकडे बघितलं. "हे कॉलेज नुसते मार्क बघत नाही, काका. स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तूही बघतं. त्यामुळे मागची काही वर्षं पाहिली तर एवढ्या मार्कांच्या दहा मुलांतल्या..." बाई थांबल्या, घसा साफ केला. "चौघांना प्रवेश मिळालाय. दहात चार धरा."

मापाडी जिना उतरले ते जवळजवळ शीळ घालत. दहात चार! त्यांनी मनातल्या मनात एक धरला होता. चार म्हणजे पोरीची घोडदौडच म्हणायची. पण बसथांब्यापर्यंत पोचता पोचता त्यांच्यातला मापाडी जागा झाला. चार सांगायचे, पोरगी चारावर इमले बांधायची, आणि नाही झालं तर? दोन दिवसांची ती शांत गॅलरी त्यांना आठवली. ते काही पुन्हा सोसायचं नव्हतं त्यांना. हातचं राखलेलं बरं.

घरी भिंगरी नव्हती. बायको कांदा चिरत होती.

"काय म्हणाल्या बाई?"

"दहात तीन," मापाडी म्हणाले. "तू सांग तिला. मला कांद्याजवळ उभं राहवत नाही."

त्यांनी एक राखला आणि निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवसापासून कंपनीत कामाचा हंगाम सुरू झाला. सगळ्या शहराला एकदम घर बदलायची हुक्की आल्यासारखे लोक बोलवायला लागले. मापाडी सकाळी जात आणि दिवेलागणीला दमून येत. दहात तीन म्हटल्यावर पोरगी अर्ज भरणारच, हे त्यांनी गृहीतच धरलं. भिंगरी तशी जेवायला हसत बसायची, म्हणजे सगळं आलबेल असणार.

शनिवारी अर्धा दिवस सुट्टी होती. मापाडी दुपारची झोप काढून उठले. स्वयंपाकघरात बायको वरच्या फळीवरचे डबे पुसत होती, मामा चहाची वाट बघत बसला होता आणि भिंगरी कपबशा मांडत होती. मापाडींना आठवण झाली.

"काय गं, त्या कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख आजचीच ना? भरलास कधी?"

"कुठे भरला?" भिंगरी साखर ढवळत म्हणाली. "सोमवारी तिकीट ऑफिसात मुलाखतीला बोलावलंय मला. मामाने लावून दिलंय."

मापाडी मटकन खुर्चीत बसले. "अगं पण... दहात तीन म्हणजे काय थोडे झाले?"

"दहात तीन?" भिंगरीचा चमचा थांबला. "मला मामाने सांगितलं, दहात एखादा."

सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मामाने बशीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता, दाजी? मला ताईने दोन सांगितले होते. म्हटलं, पोरीने उगाच आस लावून बसू नये. एक कमी करून सांगितला. यात माझं काय चुकलं?"

मापाडींनी मान वर करून बायकोकडे बघितलं. ती स्टुलावर उभी होती, हातात डबा तसाच.

"दोन कुठून आले? मी तुला तीन सांगितले होते!"

"सांगितले होते खरे," ती म्हणाली. "पण अहो, माझा जीव धजला नाही. भाजी पुरेल म्हणून सांगावं आणि पातेलं रिकामं व्हावं, तसं झालं असतं. आणि तिच्या तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून ह्याला म्हटलं, तू सांग, तुझं ऐकते ती."

"म्हणजे मूळचे तीन होते," भिंगरी हळूच म्हणाली.

आता मापाडींची पाळी होती. चोराच्या मनात चांदणं. खोटं बोलायची त्यांची टाप नव्हती, कारण तिघेही त्यांना चांगलं ओळखून होते.

"चार," ते म्हणाले. "बाईंनी चार सांगितले होते. एक मी राखला."

पातेल्यातला चहा उतू गेला, तो कुणी बघितलाही नाही.

"आणि एक मी," भिंगरी म्हणाली. "मामाने एक सांगितला, तो माझा मीच राखला. एक म्हणजे शून्यच, असं म्हणून सोडून दिलं." ती हसली, पण ते हसणं अर्ध्यावरच मोडलं. "बाबा, तुम्हाला खरंच वाटत होतं माझं होईल म्हणून?"

"वाटत होतं. अगदी शीळ घालत आलो होतो गं मी."

"मग ती शीळ घरापर्यंत का नाही आणली?"

"पडलीस तर लागू नये म्हणून."

"पण मी पडलेच कुठे?" भिंगरी म्हणाली. "मी चढलेच नाही, बाबा."

मापाडींना हे वाक्य जिव्हारी लागलं. इतकी वर्षं ते लोकांच्या खाटा, कपाटं, आरसे जपत आले, ओरखडा येऊ दिला नाही. आणि स्वतःच्या लेकीला जपायच्या नादात त्यांनी तिला घराबाहेरच काढलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं.

"अर्ज किती वाजेपर्यंत घेतात?" त्यांनी विचारलं.

"पाच."

मापाडींनी दोन्ही हात डोक्याला लावले. बायको स्टुलावरून उतरली आणि डोळ्यांना पदर लावून त्याच्यावरच टेकली. मामा म्हणाला, "मी कॉलेजात जाऊन पाया पडतो त्यांच्या. बस आणू का?" बस त्याच्या मालकीची नव्हती, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

भिंगरी तेवढी तिघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने वर बघितलं, खिशातून फोन काढून बघितला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अहो बाबा! ते घड्याळ आपल्या घरातलं आहे!"

खरंच की. तिघांनीही ज्याच्यातून रोज काही ना काही वजा केलं, ते घड्याळ नेमकं आज सगळ्यांनी खरं मानलं होतं. पाच वाजायला अजून चांगला अर्धा तास होता.

मग त्या स्वयंपाकघरात जी धांदल उडाली तिला तोड नाही. भिंगरी फोनवर अर्ज उघडून भराभर भरायला लागली. नाव, पत्ता, मार्क. मामा तिच्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचायला लागला आणि दोनदा ओरडा खाऊन गप्प बसला. मग ती थांबली.

"स्वतः केलेल्या वस्तूचे फोटो मागतायत. सगळ्या बाजूंनी."

"मग? गॅलरीतलं काहीतरी दे."

"गॅलरीत सगळं अर्धवट आहे. पुरी केलेली एकच वस्तू आहे. आई, ऊठ."

आई ज्याच्यावर टेकली होती, तेच ते स्टूल. दोन पायऱ्यांचं, घडी घालता येणारं. आईची उंची कमी आणि फळी उंच, म्हणून भिंगरीने कधीतरी ते केलं होतं. मापाडींच्या समोर ते रोज दाराआड खिळ्याला टांगलेलं असे. बायकोने टांगायचं, तिनेच काढायचं, चढायचं, उतरायचं. मापाडींनी ते एकदाही हातात धरून बघितलं नव्हतं. लोकांचे माळे उघडून बघणाऱ्या माणसाने स्वतःच्या दाराआड कधी डोकावलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"उलटं धरा, बाबा. खालून फोटो काढायचाय."

मापाडींनी स्टूल उचललं. दिसायला दणकट, पण हाताला हलकं लागलं. उलटं केलं. एकही खिळा नव्हता. फळीच्या खाचेत फळी अशी बसली होती की त्यांनी नख घातलं तर नख शिरेना. घडीच्या जागी लाकडाचीच खुंटी होती, आणि पायांच्या टोकांना, फरशीवर घसरू नये म्हणून, जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले होते. मापाडींनी ते आडवं धरून पिळून बघितलं, जसं ते जिन्यावर चढवायच्या आधी प्रत्येक खुर्ची पिळून बघत. ते कुरकुरलंसुद्धा नाही.

"ह्या फळ्या कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच आणलेल्या. त्या मोडक्या पलंगाच्या. बाबा, हलू नका ना, फोटो हलतोय."

"मी नाही हलत," मापाडी म्हणाले. मामाने पुढे होऊन दुसरी बाजू धरली.

शेवटचा प्रश्न होता, ही वस्तू तुम्ही का बनवली? भिंगरी विचार करत बसली. आईने फोनमध्ये डोकावून विचारलं, "यात काय एवढं? माझा हात पोचत नाही म्हण." भिंगरीने तेच लिहिलं. 'आईचा हात वरच्या फळीला पोचत नाही म्हणून.' आणि अर्ज पाठवून दिला. खऱ्या पाचला अजून थोडा वेळ शिल्लक होता. मामाने नवा चहा टाकला. बायकोने घड्याळाकडे एकदा बघून त्याला हात जोडले.

सोमवारी भिंगरी तिकीट ऑफिसच्या मुलाखतीला गेली नाही. मामाने तिथल्या साहेबाला काय सांगितलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुढच्या आठवड्यात कॉलेजचं बोलावणं आलं: वस्तू घेऊन भेटायला या. मापाडींनी सल्लागार बाईंना फोन लावला. तिथे काय विचारतात, काय घालून जायचं वगैरे विचारून झाल्यावर त्यांना राहवेना. घरात घडलेलं महाभारत त्यांनी सगळं सांगून टाकलं. पलीकडे बाई हसल्या, मग त्यांनी आवाज हळू केला.

"काका, रागावणार नसाल तर एक सांगू? संगणक पाच दाखवत होता."

"काय?"

"नंतर पालक भांडायला येतात हो. म्हणून मी नेहमी एक कमी सांगते."

मापाडी इतके हसले की ऑफिसातल्या हमालांनी वळून बघितलं. आपल्या जातीचं माणूस दुसऱ्या मजल्यावर बसलेलं आहे आणि आपण नुसतं त्याचं टेबल मोजून आलो, याचंच त्यांना जास्त हसू येत होतं.

भेटीच्या दिवशी सकाळी स्टूल जुन्या चादरीत गुंडाळलेलं दाराशी उभं होतं. डबा काढायला आईला टाचा उंच करून धडपडावं लागलं, आणि ती प्रेमाने चिडत होती. भिंगरीने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"बाबा, आता सांगा," ती म्हणाली. "आकडा. पण राखून नाही हं. पुरा सांगायचा."

मामाने तोंड उघडलं तशी त्याच्या ताईने त्याला कोपरखळी मारली.

मापाडींनी हात पाठीमागे बांधले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आकडा सांगायची भीती वाटत होती. पुरा सांगायचा म्हणजे चुकायचीही तयारी ठेवायची, आणि तीही तिच्यासमोर. ते म्हणाले, "सात."

"पाच होते ना?"

"पाच तुझ्या मार्कांचे. ते त्या संगणकाचे. वरचे दोन माझे."

"उगाच काहीतरी! बाप म्हणून देताय."

"बाप म्हणून दिले असते तर दहा दिले असते," मापाडी म्हणाले. "मी मापाडी म्हणून देतोय. इतकी वर्षं लोकांचं फर्निचर जिन्यावर मोडताना बघतोय. महागातल्या महाग खुर्चीचे पाय निखळून हातात आलेत माझ्या. तुझं ते स्टूल आहे ना, ते तिसऱ्या मजल्यावरून गडगडत खाली आलं तरी वर माणूस उभा राहील त्याच्यावर. ते मी आधी बघायला हवं होतं. नाही बघितलं, ही माझी चूक. आता बघितलंय. सात. यातला अर्धासुद्धा कमी करणार नाही."

भिंगरीने वडिलांना कडकडून मिठी मारली. मामा बस काढायला पुढे गेला, आणि थोड्या वेळाने बसच्या वेळेला तीही स्टूल काखेत घेऊन निघाली. बस मामा चालवत असल्यामुळे वेळेच्या आधीच आली होती.

निकालाच्या दिवशी मापाडी एका निवृत्त संगीत शिक्षिकेच्या घरी होते. बाईंना लेकीच्या शेजारी राहायला जायचं होतं. मापाडी हात पाठीमागे बांधून फिरत होते. एक पलंग, दोन कपाटं, एक पियानो, पुस्तकं बरीच. बाल्कनीत कुंड्यांची रांगच्या रांग होती.

"त्या काही न्यायच्या नाहीत हं," बाई म्हणाल्या. "शेजारणीला द्यायच्यात."

मापाडी मनातल्या मनात हसले. एवढ्यात खिशातला फोन वाजला.

"बाबा, यादी लागली."

"थांब थांब. बसू दे मला." ते पियानोच्या स्टुलावर बसले. मग त्यांना राहवेना. "सांग. दहात किती?"

"दहा."

मापाडी सवयीने म्हणाले, "म्हणजे नऊ धरू?"

"बाबा!" पलीकडून ओरडा आला. त्यामागे आईचं हसणं आणि मामाचं काहीतरी अगम्य ओरडणं ऐकू येत होतं. "दहा म्हणजे दहा! माझं नाव आहे यादीत. छापलेलं. शेवटून दुसरं आहे, पण आहे!"

मापाडींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. संगीत शिक्षिका घाबरून पाणी घेऊन आल्या. "पोरगी पास झाली," मापाडी म्हणाले. ते तितकंसं बरोबर नव्हतं, पण बाईंना कळलं. त्यांनी पियानोचं झाकण उघडून आनंदाची एक छोटीशी धून वाजवली, अगदी मनापासून.

"बरं, आमच्या सामानाचं काय?" धून संपल्यावर बाईंनी विचारलं. "किती लागेल?"

मापाडींच्या मनात एक ट्रक होता. तोंडातून दीड निघणार होतं, जिभेवर आलंही होतं. पण त्या दिवशी त्यांना काहीही राखून ठेवावंसं वाटेना.

"एक," ते म्हणाले. "बरोबर एक."

सामान हलवायच्या दिवशी मापाडी मुद्दाम स्वतः हजर राहिले. पलंग चढला, कपाटं चढली, पियानो चढला, पुस्तकं चढली, ट्रक काठोकाठ भरला आणि दार लागलं. मागे वळून बघतात तर फुटपाथवर चौदा कुंड्या रांगेत उभ्या, आणि बाई शेजारी ओशाळून उभ्या. "शेजारीण म्हणाली, तिला पाणी घालायला जमायचं नाही," त्या म्हणाल्या.

हमालांनी मापाडींकडे बघितलं. असं कधी झालं नव्हतं. मापाडींनी काही कुंड्या हमालांच्या मांडीवर दिल्या, काही चालकाच्या पायांशी लावल्या, आणि उरलेल्या चार स्वतःच्या मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसले. ट्रक निघाला तशी माती त्यांच्या पँटवर सांडायला लागली. प्रत्येक वळणाला एक फांदी त्यांच्या कानात शिरत होती.

चालक जुना माणूस होता. त्याने बराच वेळ तिरक्या नजरेने बघून घेतलं आणि मग विचारलं, "काय मापाडी, अंदाज चुकला वाटतं?"

"चुकला की!" मापाडी म्हणाले, आणि कानातली फांदी बाजूला सारून शीळ घालायला लागले. या वेळी त्यांनी ती पार घरापर्यंत नेली.